यशानंतरचे स्वप्न : 'लमाण'च्या निमित्ताने

१

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर पेरुंगुडी नावाची वस्ती आहे. तमिळमध्ये 'पेरुम्' म्हणजे मोठी आणि 'कुडी' म्हणजे वस्ती. पाणथळीच्या काठचे हे गाव २०११ मध्ये चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. मात्र २००० साली शेजारच्या तरमणी येथे टायडेल पार्क उभे राहिले तेव्हापासूनच या साऱ्या पट्ट्याचे रूप पालटू लागले होते. पुढे रस्त्यालाही 'राजीव गांधी सालै' असे नवे नाव मिळाले. आज पेरुंगुडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. जवळच २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळालेली पळ्ळिकरणैची पाणथळ आहे आणि त्या पाणथळीच्या कडेला शहराचा कचरा वर्षानुवर्षे साठत आला आहे.

या इमारतींत भारताच्या सर्व प्रांतांतून आलेली माणसे काम करतात. मराठी माणसेही त्यांत आहेत. उत्तम पदवी, उत्तम वेतन, स्वतःचे घर, मुलांची चांगली शाळा अशी सारी उद्दिष्टे चाळिशीच्या आतच गाठलेला हा वर्ग आहे. आणि नेमक्या याच वर्गात 'आपण कोठेतरी अडकून पडलो आहोत' ही भावना मूळ धरताना दिसते. एके काळी गाणे शिकायचे होते, नाटक करायचे होते, लिहायचे होते, शिकवायचे होते. ते सारे कोठे गेले, असा प्रश्न अपयशी माणसाला पडला तर त्याचे नवल नाही. यशस्वी माणसाला तो पडतो तेव्हा मात्र तो वाङ्मयाच्या अभ्यासकाच्याही चिंतनाचा विषय होतो.

कारण असे की, अशा वेळी मनुष्य स्वतःच्या आयुष्याची एक कथा मनाशी रचू लागतो आणि तिचे साचे त्याला त्याच्या भाषेकडून मिळालेले असतात. संसार कसा टाकावा, वाट कशी बदलावी, बदललेल्या वाटेचे समर्थन कसे करावे, हे मराठी माणूस संतचरित्रांपासून आत्मचरित्रांपर्यंतच्या वाचनातून शिकत आला आहे. हे साचे कोणते आणि आजच्या वाचकाला त्यांतील कोणता उपयोगी पडेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी डॉ. श्रीराम लागू यांचे 'लमाण' हे २००४ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन मध्यवर्ती धरले आहे.

आरंभीच दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा. 'यश' हे लोकांनी मोजावयाचे असते. 'कृतार्थता' ज्याची त्यानेच अनुभवावयाची असते. पेरुंगुडीतील माणसाची व्यथा यश नसल्याची नाही. यश आणि कृतार्थता या दोहोंची एके ठिकाणी गाठ पडत नाही, ही ती व्यथा आहे.

२

मराठी परंपरेने या व्यथेवर दोन उत्तरे फार पूर्वीच दिली आहेत. पहिले त्यागाचे. बोहल्यावरून निघून गेलेले रामदास आणि सावकारीची खते इंद्रायणीत बुडविणारे तुकाराम या परंपरेने जतन केलेल्या प्रतिमा आहेत. त्यांत आयुष्याचे दोन स्वच्छ तुकडे पडतात. एका क्षणाच्या अलीकडे प्रपंच आणि पलीकडे परमार्थ. आधुनिक काळात वरोड्याची वकिली सोडून कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांच्या जीवनाकडे मराठी समाजाने याच साच्यातून पाहिले. त्या जीवनातील अविश्रांत व्यवस्थापन, शेती, बांधकाम, हिशेब यांपेक्षा त्यागाचा क्षणच लोकांच्या स्मरणात अधिक राहिला, हे त्या साच्याच्या सामर्थ्याचे आणि त्याच्या मर्यादेचेही द्योतक आहे.

दुसरे उत्तर सावता माळ्याचे. अरणच्या मळ्यातून तो पंढरीला जात नाही. मळ्यातच त्याला विठ्ठल भेटतो. गोरोबांची माती आणि नामदेवांची सुई-दोरा यांचाही हाच अर्थ आहे. येथे व्यवसाय सोडावा लागत नाही. व्यवसायातच साध्य उमगते. आधुनिक मराठी साहित्यात या वाटेचे एक विलक्षण उदाहरण म्हणून अरुण कोलटकर यांच्याकडे पाहता येते. जाहिरातीच्या क्षेत्रातील ते नामांकित कलादिग्दर्शक होते. त्या व्यवसायाच्या जोडीने त्यांची कविता चालू राहिली आणि ती प्रसिद्ध करण्याची घाई त्यांनी केली नाही. 'अरुण कोलटकरच्या कविता' हा संग्रह १९७७ चा. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावर २००३ साली 'भिजकी वही' आली. २००४ मध्ये कवीचे निधन झाले आणि २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या संग्रहास मरणोत्तर मिळाला. मधल्या काळात कोलटकर 'अडकले' होते, असे कोणी म्हणणार नाही.

तथापि सावत्याचे उत्तर सर्वांना लागू पडत नाही. मळा आणि विठ्ठल यांच्यात विरोध नव्हता. ज्याचा दिवसाचा प्रत्येक तास व्यवसायाने विकत घेतला आहे आणि ज्याच्या ध्यासालाही पूर्ण दिवस हवा आहे, त्याने काय करावे? या प्रश्नाशी 'लमाण' आपल्याला आणून सोडते. परंतु तत्पूर्वी तमिळभूमीतीलच एका मराठी पुरुषाचे स्मरण करणे उचित ठरेल.

३

पेरुंगुडीपासून तीनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेस तंजावर आहे. तेथे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले यांनी मराठी सत्ता स्थापिली. या घराण्यातील दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहान्वये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजाला मानमरातब, तनखा आणि वाडा एवढेच उरले. पद मोठे आणि काम नाही, अशी ही अवस्था होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर उच्चपदस्थाच्या अडकलेपणाची ती पराकाष्ठाच म्हणावी लागेल.

सरफोजींनी १८३२ मधील मृत्यूपर्यंतची तीन दशके या रितेपणात ज्या रीतीने भरली, तिला मराठी इतिहासात तोड नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाचा त्यांनी विस्तार केला, ग्रंथ मिळविले, छापखाना काढून मराठी ग्रंथ छापले. वैद्यकाचा अभ्यास केला, नेत्ररोगांच्या उपचारांत रस घेतला आणि रुग्णांच्या नोंदी ठेवविल्या. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ मध्ये भोसले घराण्याचा विस्तृत मराठी शिलालेख कोरविला. 'देवेंद्र कुरवंजी' या रचनेत तर कुरवंजी या दाक्षिणात्य नृत्यनाट्याच्या बंधातून जगाचा भूगोल मराठीत सांगितला. राज्य गेल्यामुळे हे घडले, असे म्हणणे अपुरे ठरेल. राज्य गेलेले अनेक राजे शिकारीत आणि विलासात बुडाले. सरफोजींना लहानपणी श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याच्या सहवासात विद्येची गोडी लागली होती. रिकामा वेळ हाती आला तेव्हा तो भरण्याची सवय अगोदरच अंगी होती. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही बाब निर्णायक आहे. मोकळीक मिळाल्यावर स्वप्न उगवत नाही. ते आधीपासून काही प्रमाणात जोपासलेले असावे लागते.

४

डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म १९२७ साली सातारा येथे झाला. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकत असताना ते नाटकाकडे ओढले गेले. पुढे कान, नाक व घसा यांचे शल्यविशारद म्हणून त्यांनी पुण्यात व्यवसाय केला, अधिक शिक्षणासाठी कॅनडा व इंग्लंड येथे वास्तव्य केले, टांझानियातील टबोरा येथे वैद्यकी केली. १९६९ मध्ये बेचाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी वैद्यकी सोडून व्यावसायिक रंगभूमीवर पूर्णवेळ नट म्हणून पाऊल टाकले. वसंत कानेटकर यांचे 'इथे ओशाळला मृत्यू' हे त्यांचे त्या टप्प्यावरील पहिले नाटक.

एवढाच तपशील सांगितला तर ही गोष्ट त्यागाच्या साच्यात सहज बसते. प्रतिष्ठित डॉक्टर एके दिवशी शस्त्रे खाली ठेवतो आणि रंगमंचावर चढतो. वर्तमानपत्री लेखांतून ती बहुधा अशीच सांगितली गेली. 'लमाण'चे वाङ्मयीन मोल असे की, ते वाचल्यावर ही गोष्ट अशी सांगता येत नाही. या आत्मकथनाचा भर निर्णयाच्या क्षणावर नाही. भूमिका, तालमी, संहिता, सहकारी आणि दिग्दर्शक यांच्यावर तो आहे. १९६९ च्या मागे सुमारे दोन दशकांचे नाट्यकार्य उभे आहे. ते पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, भालबा केळकर यांच्यासारख्या ज्येष्ठ मित्रांच्या संगतीत, आणि मुंबईच्या 'रंगायन'मध्ये घडले. दवाखान्याची वेळ संपल्यावर तालीम आणि परदेशातून परतल्यावर पुन्हा तालीम असा हा क्रम होता. म्हणजे डॉक्टरांना चाळिशीनंतर स्वप्न 'सापडले' नाही. ते कधी हरवलेच नव्हते. त्यांच्या दिवसाच्या उरलेल्या तासांत ते काम करीत होते. १९६९ मध्ये बदलले ते तासांचे वाटप.

येथे 'हौशी रंगभूमी' या आपल्या रूढ संज्ञेचा पुनर्विचार करावासा वाटतो. 'हौस' या शब्दात लाडिकपणा आहे, फावल्या वेळेचा भाव आहे. परंतु पन्नास-साठच्या दशकांतील महाराष्ट्रात डॉक्टर, प्राध्यापक, कारकून, बँकेतील नोकर यांनी उभारलेल्या नाट्यसंस्था आणि राज्य नाट्यस्पर्धा यांनी एक कठोर शिस्त निर्माण केली होती. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमधूनच पुढे बालरोगतज्ज्ञ जब्बार पटेल आणि मनोविकारतज्ज्ञ मोहन आगाशे आले आणि १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' आले. ठरलेल्या वेळी हजर राहणे, पाठांतर, इतरांसाठी थांबणे, स्वतःची भूमिका लहान असली तरी तिची तयारी करणे, या गोष्टी हौसेने होत नाहीत. एकट्याच्या मनातले स्वप्न वयाबरोबर विरते. चार माणसे संध्याकाळी ज्याची वाट पाहतात ते स्वप्न टिकते. लागूंच्या निर्णयामागे त्यांचे धैर्य होते, तसेच अशा संस्थांचे पाठबळही होते. वैयक्तिक धैर्याच्या कौतुकात या संस्थांचा विसर पडू नये.

व्यवसाय सोडल्यानंतरचे पहिले वर्षही लक्षणीय आहे. १९७० मध्ये लागूंनी विजय तेंडुलकर यांचे 'गिधाडे' दिग्दर्शित केले. कुटुंबातील हिंसा उघडी करणारे हे नाटक अभिनिरीक्षण आणि प्रेक्षकांची नापसंती या दोहोंना तोंड देणारे होते. स्थिर उत्पन्न नुकतेच सोडलेल्या नटाने खरे तर सुरक्षित नाटकांची कास धरावी. त्यांनी तसे केले नाही. आपल्याला मिळालेल्या स्वातंत्र्याचा उपयोग कोणत्या कामासाठी करावयाचा, हे त्यांना ठाऊक होते.

आणखी एक बाब. 'वाचिक अभिनय' हे लागूंचे पुस्तक नटाच्या उच्चाराविषयी, श्वासाविषयी, शब्दफेकीविषयी आहे. ज्याने आयुष्याचा पूर्वार्ध घसा व कान यांच्या शास्त्रात घालविला, त्याने उत्तरार्धात वाणीचा विचार करावा, यात एक सलगता दिसते. त्यागाच्या साच्यात पूर्वायुष्य व्यर्थ ठरते. येथे ते व्यर्थ ठरत नाही.

शीर्षकाशी मात्र माझा मतभेद आहे. लमाण एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणी नेऊन पोहोचवितो. नटही नाटककाराचा आशय प्रेक्षकांपर्यंत वाहून नेणारा, असा त्या प्रतिमेचा भाव आहे. या नम्रतेत नटाच्या निर्मितीची उपेक्षा होते. वाटेत माल बदलत नाही. नटाच्या हाती मात्र संहितेचा अर्थ घडतो. लागूंच्या भूमिका पाहिलेल्यांना याचा पुरावा देण्याची आवश्यकता नाही. असे असले तरी या प्रतिमेचा एक गुण मान्य करावा लागतो. स्वप्नाच्या पाठीमागे निघालेला माणूस बहुधा स्वतःविषयीच बोलतो. लमाणाचे लक्ष ओझ्यावर आणि रस्त्यावर असते. 'लमाण' आत्मगौरवापासून दूर राहिले, ते या दृष्टीमुळेच.

५

डिसेंबर १९७० मध्ये वि. वा. शिरवाडकर यांचे 'नटसम्राट' रंगमंचावर आले. त्यातील गणपतराव बेलवलकर लागूंनी साकारले. या घटनेतील विरोधाभासाची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. रंगभूमीला नुकतेच पूर्णवेळ वाहून घेतलेला त्रेचाळीस वर्षांचा नट, रंगभूमीचा निरोप घेणाऱ्या वृद्ध नटाची भूमिका करीत होता. बेलवलकरांना यशही मिळाले आहे आणि कृतार्थताही. सत्कार झाला आहे. सर्व काही मुलांना देऊन ते निश्चिंत होऊ पाहतात आणि तेथूनच त्यांचा ऱ्हास सुरू होतो. मुलांची कृतघ्नता हा या शोकांतिकेचा एक पदर आहे. दुसरा पदर असा की, भूमिका संपल्यावर उरणाऱ्या माणसाला कसे जगावे हे ठाऊक नाही. ज्याने व्यवसाय हेच आपले सारे अस्तित्व मानले, त्याला तो व्यवसाय कितीही प्रिय असला, तरी रंगमंचाबाहेर निवारा उरत नाही.

म्हणून स्वप्नाचा व्यवसाय झाला की सर्व प्रश्न सुटले, या समजुतीला 'नटसम्राट' छेद देते. स्वप्नालाही वेळापत्रक येते, उत्पन्नाची चिंता येते, लोकांच्या अपेक्षा येतात. लागूंनीही नाटकाबरोबर शंभराहून अधिक हिंदी-मराठी चित्रपटांत कामे केली. ती सारी त्यांच्या नाट्यकर्तृत्वाच्या तोलाची नव्हती, हे कोणीही जाणता प्रेक्षक सांगेल. एक चाकोरी सोडली तरी दुसरी आखली जाते. तिच्यात राहूनही स्वतःच्या कामाची कसोटी शाबूत ठेवणे, एवढेच माणसाच्या हाती असते.

६

या चर्चेला एक दुसरी बाजू आहे. ती टाळून हा विषय पूर्ण होणार नाही. यशस्वी व्यवसाय सोडण्याची मुभा कोणाला असते?

चेन्नईच्याच वाङ्मयीन इतिहासात अशोकमित्रन यांचे उदाहरण आहे. सिकंदराबादहून १९५२ मध्ये मद्रासला आलेल्या या लेखकाने एस. एस. वासन यांच्या जेमिनी स्टुडिओत दशकाहून अधिक काळ नोकरी केली आणि १९६६ मध्ये ती सोडून केवळ लेखनावर जगण्याचे ठरविले. तमिळ कथा-कादंबरीला त्यामुळे अपार लाभ झाला. १९९६ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. परंतु लेखनावर घर चालविण्याची ओढाताण त्यांना दीर्घकाळ सोसावी लागली. शल्यविशारदाच्या पदवीसारखा परतीचा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. त्यांच्या कथांतील अल्प उत्पन्नाच्या माणसांविषयीचा अचूक, अनाग्रही जिव्हाळा या ओढाताणीतून आला असावा. पण म्हणून त्या ओढाताणीचे उदात्तीकरण करू नये.

मराठीत दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) याच प्रश्नाला वेगळे वळण देते. त्या आत्मकथनात शहरात नोकरी करणारा, पांढरपेशा झालेला निवेदक आपल्याच मागे राहिलेल्या दगडू मारुती पवाराला भेटतो. दोघांच्या संवादातून पुस्तक घडते. येथेही माणूस स्थिरावला आहे आणि अस्वस्थ आहे. पण ज्याच्या समाजाला शतकानुशतके हक्काची नोकरी हेच अप्राप्य स्वप्न होते, त्याला 'नोकरी सोडून स्वप्न शोध' असे सांगणे क्रूर विनोद ठरेल. त्याला पुन्हा भेटावयाचे आहे ते स्वप्नाला नव्हे, तर ज्याला मागे टाकून तो येथवर आला त्या माणसाला. 'आपण अडकलो' या एकाच वाक्याचे अर्थ सामाजिक स्थानानुसार किती भिन्न होतात, हे यावरून दिसते.

सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' (१९९०) तर आणखी अवघड जागी बोट ठेवते. कुशाग्र बुद्धी, वाङ्मयाची जाण आणि कर्तृत्व असलेल्या या स्त्रीच्या आयुष्याचा मोठा भाग पु. ल. देशपांडे यांच्या यशाची व्यवस्था पाहण्यात गेला. हे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांच्यापाशी सोडण्यासारखा स्वतःचा यशस्वी व्यवसाय नव्हता. यश घरात होते, पण ते दुसऱ्याच्या नावावर होते. एका माणसाने आपल्या स्वप्नामागे जावे म्हणून दुसऱ्या कोणी तरी घरखर्चाचा, वेळेचा, पाहुण्यांचा, औषधपाण्याचा हिशेब सांभाळलेला असतो. स्वप्नपूर्तीच्या बहुतेक कथांत हा हिशेब शेवटच्या पानावरील ऋणनिर्देशात उरकला जातो. सुनीताबाईंनी तो पुस्तकाच्या मध्यभागी मांडला. म्हणून पेरुंगुडीतील एखाद्या दांपत्याने 'लमाण' आणि 'आहे मनोहर तरी' ही दोन्ही पुस्तके एकत्र वाचावीत, असे सुचवावेसे वाटते.

७

माहिती तंत्रज्ञानाच्याच क्षेत्रातून आलेले मराठी आत्मकथन म्हणून अच्युत गोडबोले यांच्या 'मुसाफिर'चा निर्देश आवश्यक आहे. सोलापुरातील बालपण, मुंबईच्या आय.आय.टी.तील रसायन अभियांत्रिकीची पदवी, शहाद्याच्या आदिवासी चळवळीतील सहभाग, पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांतील उच्च पदे आणि त्यानंतर मराठीतील विपुल ज्ञानलेखन असा हा प्रवास आहे. पद, वेतन व देशोदेशीचे दौरे यांच्या ओघात अशी कहाणी यशोगाथेकडे झुकण्याचा धोका असतो. तिला तोलून धरते ते कुतूहल. विज्ञानावरील 'किमयागार', अर्थशास्त्रावरील 'अर्थात', मानसशास्त्रावरील 'मनात' हे ग्रंथ, तसेच सुलभा पिशवीकर यांच्यासह लिहिलेला 'नादवेध' हा संगीतविषयक ग्रंथ पाहिले, तर नोकरीच्या काळातही वाचनाचा व श्रवणाचा दिवा विझू दिला गेला नव्हता, हे स्पष्ट होते. लागू आणि गोडबोले यांच्या आयुष्यांत साम्य शोधावयाचे तर ते राजीनाम्यात नाही, राजीनाम्यापूर्वीच्या संध्याकाळींत आहे.

या विवेचनातून अशा आत्मकथनांच्या मूल्यमापनाचा एक निकष हाती येतो. लेखकाने वळणाच्या क्षणाला किती पाने दिली आणि सरावाच्या वर्षांना किती, हे पाहावे. ज्या पुस्तकात क्षण मोठा आणि सराव लहान, ते वाचकाला क्षणभर उत्तेजित करते आणि मग अधिकच हताश करते, कारण तसा क्षण त्याच्या वाट्याला येत नाही. ज्या पुस्तकात सराव मोठा आहे, ते वाचकाच्या हाती काही तरी देते. 'लमाण' दुसऱ्या प्रकारचे आहे.

पेरुंगुडीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी वाचकाची खरी अडचण मला वेगळीच दिसते. पुण्याच्या डॉक्टरला संध्याकाळी गाठता येईल अशी तालमीची जागा आणि वाट पाहणारी माणसे होती. परप्रांतात, परभाषेत, लांबलेल्या कामाच्या वेळांत अशी जागा आपोआप लाभत नाही. ती निर्माण करावी लागते. तंजावरात मराठी माणसांनी नाटके लिहिली, छापखाना चालविला, ग्रंथालय वाढविले. तेव्हा मायभूमी आजच्यापेक्षा कितीतरी दूर होती. महिन्यातून दोन संध्याकाळी दहा माणसांनी एखाद्या सदनिकेत जमून नाट्यवाचन करावे, एखादी बंदिश नीट बसवावी, एखादा तमिळ लेखक मराठीत आणावा. यातून कोणाचा राजीनामा निघेल किंवा निघणार नाही. निघालाच तर तो रिकाम्या हातांनी दिलेला नसेल. न निघाला, तरी त्या संध्याकाळी काही काम झालेले असेल आणि पुढच्या संध्याकाळी ते जेथे थांबले तेथून पुढे नेता येईल.